कतरे, वुजू आणि श्वास

या दुखण्याला आपल्या घरांत धड नाव नाही. मराठीत ‘लघवी सुटते’ म्हणतात. मसल्यांच्या उर्दू पुस्तकांत ‘कतरे’ हा शब्द आहे. बायका आपापसांत मात्र ‘कपडे पाक नहीं रहते’ एवढेच बोलून विषय संपवतात. खोकला आला, शिंक आली, हसू आवरले नाही, पाण्याचा हंडा उचलला की थेंब गळतात. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या कितीतरी बायका हे वर्षानुवर्षे सोसतात आणि ‘उमर का तकाजा’ म्हणून गप्प राहतात.

जळगावहून धुळ्याला लग्नाला निघालेल्या बायका पाहा. एरंडोल, पारोळा करत एसटी पोहोचेपर्यंत लघवी लागू नये म्हणून सकाळपासून पाणी प्यायचे नाही. पिशवीत एक जादा सलवार. शाळांमध्येही शेवटची घंटा होईपर्यंत पाण्याची बाटली न उघडणाऱ्या शिक्षिका मी पाहते. पण पाणी तोडून गळणे थांबत नाही. लघवी दाट होते, जळजळ वाढते, शौचाला खडा होतो आणि कुंथून कुंथून खालचे स्नायू आणखी ढिले पडतात.

नमाजी बाईपुढे यात आणखी एक प्रश्न असतो, वुजूचा. हनफी फिकहप्रमाणे एखाद्या नमाजच्या पूर्ण वेळेत वुजू करून फर्ज पढण्याइतकीही उसंत न मिळता थेंब येत राहिले, तर ती स्त्री माजूर ठरते. मग तिने प्रत्येक नमाजच्या वेळेला एकदा वुजू करावा आणि त्या वेळेत हव्या तेवढ्या नमाजा पढाव्यात. ही मोठी सवलत आहे. पण फक्त खोकताना किंवा सजद्यातून उठताना थेंब येणारी बाई सहसा या व्याख्येत बसत नाही. तिचा वुजू तुटतो, तो पुन्हा करावा लागतो. म्हणून काहीजणी तरावीहच्या जमातीला जाणे सोडतात, काहीजणी इज्तिमाला. आपला मसला नेमका कोणता, हे आलिमाला विचारावे. पण मसला विचारून झाला म्हणजे इलाज झाला, असे नाही. माजूर असणे हा नमाजचा हुकूम आहे, तो डॉक्टरांचा निकाल नव्हे.

ही गप्प राहण्याची सवय फक्त आपल्या समाजाची नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास कतऱ्यांचा नव्हता, पण बायका दुखणे कसे पोटात ठेवतात, ते त्यातून साऱ्या जगाला दिसले.

आता इलाजाकडे येऊ. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात. बाळंतपण, वय, जुनाट खोकला, वाढलेले वजन यांनी ती सैल होते. अमेरिकेतले डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली या स्नायूंचा व्यायाम मांडला आणि आजही अशा गळण्यावर डॉक्टर सर्वांत आधी तोच सुचवतात. अडचण एकच. जो स्नायू दिसत नाही, ज्याचे नाव कधी ऐकले नाही, तो हलवायचा कसा? इथे श्वास मदतीला येतो. श्वास घेताना छातीखालचा पडदा खाली येतो आणि झोळीही थोडी खाली जाते. श्वास सोडताना दोन्ही वर येतात. म्हणून आवळायचे ते श्वास सोडताना.

पाठीवर पडा, गुडघे दुमडा, एक हात पोटावर ठेवा. नाकाने श्वास घ्या, पोट फुगू द्या, खालचा भाग सैल सोडा. मग तोंडाने सावकाश श्वास सोडत, वायू आणि लघवी रोखून धरल्यासारखे आतून आवळा आणि वर ओढा. मांड्या आणि कुल्ले ताठ करू नका, श्वास कोंडू नका. काही सेकंदांनी पूर्ण सैल सोडा. सोडणे हे आवळण्याइतकेच गरजेचे आहे. असे आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. फजर, जोहर आणि इशानंतर केले तर वेगळी वेळ शोधावी लागत नाही. जमू लागले की खोकण्याच्या क्षणभर आधी आवळा आणि हंडा उचलताना श्वास सोडा. लघवी करताना मध्येच धार थांबवण्याची सवय मात्र लावू नका.

सजद्यातून उठताना तकबीर म्हटली जाते, तेव्हा श्वास आपोआप बाहेरच जात असतो. नमाज हा व्यायाम नव्हे, ती इबादत आहे. पण श्वास कोंडून झटक्यात उठण्यापेक्षा तकबीरसोबत सावकाश उठणे या झोळीला सोपे जाते.

नुसता श्वास पुरेसा नाही, आवळणेही नीट जमायला हवे. ते जमते की नाही, हे स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट बाई तपासून सांगू शकतात. लघवीत रक्त किंवा जळजळ असेल, अंग बाहेर येत असेल, साखरेचा आजार असेल किंवा घाईची लागून संडासापर्यंतही पोहोचता येत नसेल, तर आधी तपासणी करा.

बाळंतिणीचा चिल्ला आपण किती जपतो! डिंकाचे लाडू, शेक, मालिश, चाळीस दिवस आराम. त्याच दिवसांत डॉक्टरांना विचारून सुनेला, लेकीला हे आठ श्वासही शिकवता येतील. त्यासाठी सासूने आणि आईने एकदा तोंड उघडून म्हणायला हवे, ‘बेटी, मुझे भी ये तकलीफ है.’