आक्कांची १-०-१



दशलक्षण पर्व जवळ आलं की आपल्या सगळ्यांच्याच घरी गडबड सुरू होते. डाळी निवडायच्या, पीठ ताजं दळून आणायचं, पाणी गाळायची नवी छन्नी शिवायची. यंदा त्या गडबडीत मी आणखी एक काम केलं. सासूबाईंच्या गोळ्यांचा डबा उचलला आणि त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. का गेले ते आज लिहिते. गेल्या वर्षी लिहायचं धाडस झालं नव्हतं.

सासूबाईंना आम्ही सगळे आक्का म्हणतो. वय चौऱ्याहत्तर. तत्त्वार्थसूत्राचे दहाही अध्याय तोंडपाठ. मंदिरात पर्वाच्या दिवसांत रोज एकेक अध्याय वाचला जातो तेव्हा कुणी एखादं अक्षर चुकलं तर आक्का मागच्या रांगेतून हळूच दुरुस्त करतात. बारा वर्षांपासून मधुमेह आहे. पण गोळ्या वेळेवर, गोड बंद, रोज मंदिरापर्यंत पायी. डॉक्टर दरवेळी म्हणायचे, "आजी, तुमच्यासारखे पेशंट सगळे असते तर!"

गेल्या वर्षी आक्कांनी दहा दिवस एकाशन धरलं. आमच्याकडची रीत म्हणजे साडेअकराला एकदाच जेवण आणि संध्याकाळी सूर्यास्ताआधी फक्त पाणी. त्या पाण्याबरोबर आक्का संध्याकाळची गोळी घेत होत्या. मी स्वतः वाटीत काढून देत होते.

सातवा दिवस, उत्तम तप धर्माचा. रात्री पावणेबाराला त्यांच्या खोलीतून पुटपुटणं ऐकू आलं. मला वाटलं णमोकार चालू असेल. जाऊन बघते तर लुगडं घामाने भिजलेलं, हात थरथरतायत, आणि मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारतायत. ह्यांनी घरातलं शुगरचं मशीन आणलं. आकडा आला ४८. सत्तरच्या खाली गेली की ती धोक्याची, एवढंही तेव्हा मला माहीत नव्हतं. मशीन घरात होतं ते साखर वाढली का बघायला. कमी होऊ शकते हा विचारच कधी केला नव्हता.

ह्यांनी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, गिळता येतंय ना? मग ताबडतोब तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. शुद्ध गेली तर मात्र तोंडात काही घालू नका, थेट घेऊन या.

मी वाटी तोंडाजवळ नेली आणि आक्कांनी ओठ घट्ट मिटले. "रात्र आहे," एवढंच म्हणाल्या. आपण कुठे आहोत, समोर कोण आहे हे कळत नव्हतं, पण रात्र आहे हे कळत होतं.

मैत्रिणींनो, चौतीस वर्षांच्या संसारात मी त्या बाईंचा शब्द मोडला नव्हता. त्या रात्री मी त्यांची हनुवटी धरली आणि चमच्याचमच्याने साखरेचं पाणी पाजलं. त्या रडत होत्या, मीही रडत होते. पंधरा मिनिटांनी आकडा ८१ झाला. तरी डॉक्टरांनी बोलावून घेतलंच, कारण त्या गोळीचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. सकाळपर्यंत सलाईन चालू होतं.

सकाळी डॉक्टर जरा चिडूनच म्हणाले, "आजी, उपास धरला होता तर मला सांगायचं नाही का?"

आक्का शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही विचारलं नाहीत. गोळी एकही चुकवायची नाही म्हणालात, मी चुकवली नाही."

डॉक्टर गप्प झाले. मग खुर्ची ओढून बसले आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ती गोळी काय करते ते सांगितलं. आक्कांच्या गोळीत दोन औषधं आहेत, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. यातलं ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. पोटात अन्न आहे की नाही, हे ते बघत नाही. अन्न नसेल तर रक्तातली होती ती साखरही खाली जाते. आक्का म्हणाल्या, पाचव्या-सहाव्या दिवशी संध्याकाळीही हात कापत होते, पण मला वाटलं तपाचा थकवा.

घरी आल्यावर मी त्यांची चिठ्ठी काढून बघितली. गोळीच्या नावापुढे १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. हे आपल्याला सगळ्यांना वाचता येतं. पण त्या शेवटच्या एकाच्या मागे एक रात्रीचं जेवण गृहीत धरलेलं आहे, आणि ते जेवण आपल्या घरात नाही. एरवी आपण सहाला जेवतो म्हणून निभावतं. एकाशनात तेही नाही. लिहिणाऱ्याच्या डोक्यातलं घर वेगळं आणि वाचणारीचं घर वेगळं.

हल्ली आरोग्य साक्षरता हा शब्द फार ऐकू येतो. भिंतीवर चित्रं, टीव्हीवर जाहिराती, आशाताई घरोघर. चांगलंच आहे. २०२३ साली आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले, त्यात देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज होता. एवढ्या लोकांना चार गोष्टी समजावून सांगायच्या म्हणजे सोपं काम नाही. पण आमच्या आक्का साक्षर नव्हत्या असं कोण म्हणेल? त्यांनी सांगितलेलं अक्षरन् अक्षर पाळलं. पाळलं म्हणूनच ती रात्र आली. त्यांना काय करायचं ते सांगितलं होतं. ते कशासाठी आणि कधी करायचं नाही, ते सांगायचं राहिलं होतं. रमजानच्या रोज्यांत मधुमेह कसा सांभाळायचा याची डॉक्टरांसाठी चांगली मार्गदर्शक पुस्तिका आहे, हे मला नंतर कळलं. आपल्या दशलक्षणासाठी तसं काही माझ्या हाती तरी आलेलं नाही. म्हणजे तोवर सांगायचं काम आपलंच.

आणि गंमत बघा, वाचायला तर आपण कुणाला हार जाणाऱ्या नाही! बिस्किटाच्या पुड्यावर नुसता हिरवा ठिपका बघून आपलं समाधान होत नाही. आपण पुडा उलटा करतो. ४७१ दिसलं की शंका, ६३१ दिसलं की परत ठेवला, १२० म्हणजे किड्यापासूनचा रंग, हे आपल्या सुनांनाही पाठ आहे. तीच बाई औषधाची पट्टी मात्र रंगावरून ओळखते. "ती गुलाबी गोळी." माझी जाऊ गेल्या हिवाळ्यात तापाची गोळी आणि सर्दीची गोळी एकदम घेत होती. दोन्हींत पॅरासिटामॉल होतं. पट्टीच्या मागे लिहिलेलं होतं, वाचलं कुणी?

म्हणून यंदा श्रावणात महिला मंडळाच्या एका दुपारी आम्ही भजनाऐवजी गोळ्यांचे डबे आणले. समाजातल्याच एका डॉक्टर सुनेला बसवलं. सुरुवातीला कुणी बोलेना. मग एका काकूंनी हळूच सांगितलं, मागच्या वर्षी जखम चिघळली तेव्हा दिलेल्या कॅप्सूल त्यांनी घेतल्याच नाहीत. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं, जिलेटिन प्राण्यापासून येतं, म्हणून पुडी तशीच कपाटात ठेवली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा "घेतल्या" म्हणून सांगितलं. त्यांचं ऐकून आणखी पाच जणींनी हात वर केले. डॉक्टर सुनेने कपाळाला हात लावला. ती म्हणाली, अहो काकू, खोटं बोलायची गरजच नव्हती. पुष्कळ औषधं साध्या गोळीत किंवा पातळ औषधात मिळतात, काही कॅप्सूलचं आवरण वनस्पतीजन्यही असतं. फक्त चिठ्ठी लिहितानाच सांगायचं. डॉक्टरला वाटतं औषध लागू पडलं नाही, मग तो आणखी जोराचं देतो.

एकीने विचारलं, उपवासात बोट टोचून रक्त तपासलं तर उपवास मोडतो का? सगळ्या हसल्या, पण मला ठाऊक आहे, निम्म्या जणींच्या मनात तेच होतं. चातुर्मासासाठी आलेल्या माताजींना आम्ही तो प्रश्न नेऊन विचारला. त्या म्हणाल्या, नाही मोडत. मग आक्कांकडे बघून म्हणाल्या, सोळाकारण भावना रोज म्हणता ना? त्यात नुसतं तप आहे की शक्तितस्तप आहे?

आक्का काही बोलल्या नाहीत. गेल्या वर्षीच्या रात्रीचं प्रायश्चित्त त्यांनी तेव्हाच मागून घेतलं होतं, माताजींनी जप दिला होता. मला वाटतं त्या दिवशी त्यांच्या मनातलं ओझं खरं उतरलं.

घरी येताना त्याच मला म्हणाल्या, "स्वाध्यायाचे पाच प्रकार आहेत. वाचना पहिला, पृच्छना दुसरा. महाराजांना मी आयुष्यभर शंका विचारल्या गं. डॉक्टरांना विचारायची लाज वाटली."

तर परवा गेलो. पर्वाला वीस दिवस होते, मुद्दाम आधी गेलो. आक्कांनी सांगितलं, उपवास नाही पण एकाशन करायचं मनात आहे, जमेल का? डॉक्टरांनी आधी मूत्रपिंडाची तपासणी करायला सांगितली. अहवाल बघून गोळ्या बदलल्या, ग्लिमेपिराइड त्या दहा दिवसांपुरतं बंद केलं. रोज दोनदा साखर बघायची. सत्तरच्या खाली आली, नाहीतर घाम-थरथर झाली, तर व्रत तिथेच सोडायचं. हे त्यांच्यापुरतं आहे हं, तुमच्या घरच्या गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. इन्सुलिन घेणारीला तर कदाचित ते नाहीच म्हणतील.

बाहेर पेशंटची रांग होती. डॉक्टरांनी चिठ्ठी पुढे केली. आक्कांनी ती घेतली, पण उठल्या नाहीत. चष्मा लावला आणि म्हणाल्या, "थांबा. मला काय कळलं ते परत म्हणून दाखवते. चुकलं तर सांगा."

आणि पाठशाळेतल्या मुलीसारख्या पहिल्या गोळीपासून सुरू झाल्या. तिसऱ्या गोळीला चुकल्या. डॉक्टरांनी दुरुस्त केलं. आक्कांनी परत पहिल्यापासून म्हटलं.