नवकारसी ते चौविहार : सायकलवरचा एक दिवस

कार्तिकी पौर्णिमा झाली, की साधु-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात. पाऊस सरलेला असतो, माळावरचे गवत पिवळे पडू लागलेले असते आणि पायाखाली येणाऱ्या सूक्ष्म जीवांची दाटी ओसरलेली असते. पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसाराचे एक व्यापारी, वय वर्षे 52, आपली सायकल भिंतीवरच्या खुंटीवरून याच सुमारास खाली उतरवतात. हा योगायोग नव्हे. काही वर्षांपूर्वी जून महिन्यात बोपदेव घाटाच्या माथ्यावर पहिल्या पावसानंतर मखमली तांबडे मृगाचे किडे वाटभर पसरलेले त्यांनी पाहिले आणि सायकल उचलून खांद्यावर घेतली. त्यानंतर चातुर्मासात मातीच्या वाटेवर चाक न्यायचे नाही, असा नियम त्यांनी स्वतःपुरता केला. मग चातुर्मासात डांबरी रस्त्यावरून का नेतात, असा प्रश्न घरातील तरुण मंडळी विचारतात. त्याला अद्याप समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पेठांतील व्यापारी सायकलवरच वसुलीला जात. 1972 साली हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना बाजारात आणली आणि पाहता पाहता अनेक दुकानांपुढच्या सायकलींची जागा तिने घेतली. आपल्याच समाजातील एका उद्योजकाने आपल्याच समाजाची सायकल सोडवली, असे हे व्यापारी हसत सांगतात; त्यांच्या वडिलांकडेही लुनाच होती. आता तीच सायकल दुसऱ्या रूपाने परतली आहे. मुरूम, खडी आणि मातीच्या वाटांसाठी बनवलेल्या या सायकलींना ग्रॅव्हल सायकल म्हणतात. दिसायला ती शर्यतीच्या सायकलीसारखी असते, परंतु टायर 40 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, त्यात हवा बेताची आणि आत ट्यूबऐवजी दुधासारखा एक द्रव असतो. काटा रुतला, तर तो द्रव थिजून भोक आपोआप बुजवतो. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे 2006 पासून अशा रस्त्यांवर 200 मैलांची शर्यत होत आली आहे, आणि 2022 मध्ये इटलीत या प्रकारची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आपल्याकडे शर्यतीची गरज नाही. पाणंद रस्ते, बैलगाडीच्या वाटा आणि वनखात्याच्या हद्दीतील कच्चे रस्ते पुण्याच्या दक्षिणेला हवे तेवढे आहेत.

त्यांची ठरलेली फेरी सुमारे 80 किलोमीटरची आहे. कोंढव्यावरून बोपदेव घाट, वर भिवरी आणि गराडे, तेथून मरीआई घाटाने शिवापूर, मग कोंढणपूर, सिंहगडाच्या पाठीमागच्या डोंगराला वळसा घालून गडाचा घाटरस्ता, खाली गोळेवाडी, खडकवासला आणि घर. एखाद्या तरुणाला हा आकडा फारसा वाटणार नाही. परंतु यात तीन मोठे चढ आहेत, आणि जेथे शक्य तेथे डांबर सोडून मुरमाच्या वाटेने जायचे असल्यामुळे वेग निम्म्यावर येतो.

खरी अडचण मात्र रस्त्याची नसून घड्याळाची आहे. या गृहस्थांचा चौविहार आजन्म आहे. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाण्याचा घोटही नाही. सकाळी नवकारसी, म्हणजे सूर्योदयानंतर 48 मिनिटे होईपर्यंतही मुखात काही घालायचे नाही. डिसेंबरच्या आरंभी पुण्यात सूर्य सातच्या काही मिनिटे आधी उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे पाणी पिण्यासाठी हाती उरतात जेमतेम सव्वादहा तास. अंधारात वाटेवरचे जीव दिसत नाहीत, म्हणून ते उजाडल्याखेरीज निघत नाहीत. घाटाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत नवकारसी येते आणि दिवसाचा पहिला घोट तेथे घेतला जातो. पाणी घरूनच उकळून नेलेले असते. उकळलेल्या पाण्याचा काळ हिवाळ्यात चार प्रहर, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन प्रहर मानला जातो. पहाटे उकळलेले पाणी संध्याकाळपर्यंत चालते. तीन लिटर पाण्याचे ओझे घेऊन घाट चढणे सुखाचे नाही, हे वेगळे सांगायला नको.

खाण्याचीही अशीच शिस्त आहे. सायकलपटूंसाठी मिळणाऱ्या शक्तिवर्धक पाकिटांत अनेकदा मध असतो, चघळण्याच्या गोळ्यांत बहुधा जिलेटिन असते, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातडीपासून बनते. पाकिटामागची बारीक अक्षरे वाचण्याची सवय भुसाराच्या व्यापाऱ्याला असतेच. म्हणून खिशात खाखरे, खजूर, राजगिऱ्याची वडी आणि गूळ-शेंगदाण्याची चिक्की. सायकलचे आसनही चामड्याचे नाही. वाटेत पुरंदरचा प्रसिद्ध अंजिराचा पट्टा लागतो. भौगोलिक मानांकन मिळालेले हे फळ शेतकरी मोठ्या प्रेमाने पुढे करतो. अंजीर उदुंबराच्या कुळातले, बहुबीज आणि आत सूक्ष्म कीटकांचा वास असलेले, म्हणून व्रती ते घेत नाहीत. शेतकऱ्याचे मन न मोडता नाही म्हणणे हा या फेरीतला चौथा चढ.

गेल्या वर्षी त्यांच्याबरोबर त्यांचा चोवीस वर्षांचा भाचा होता. तो चौविहार करत नाही. भिवरीच्या पुढे माळावर मेंढपाळांचा वाडा उतरला होता आणि कुत्री अंगावर धावून आली. मेंढपाळाने लांबूनच हाक दिली, "शेठ, खाली उतरून चाला, काय करत न्हाईत ती." दोघे उतरले, कुत्री शांत झाली. पुढे गराड्याजवळच्या पाणंदीत बाभळीच्या काट्यांनी घात केला. भाच्याचे मागचे टायर दोन ठिकाणी इतके फाटले, की तो द्रवही हरला. आतून ठिगळ लावून त्यात ट्यूब बसवण्यात दीड तास गेला. मरीआई घाट उतरून ते शिवापूरला पोहोचले तेव्हा तीन वाजले होते.

येथे निर्णय करावा लागतो. शिवापुरातून महामार्गाला लागले, की जुन्या कात्रज घाटाने दीड-दोन तासांत घरी पोहोचता येते. परंतु त्या रस्त्यावर अवजड वाहनांची रीघ असते. महामार्गावर विहार करणाऱ्या साधु-साध्वींच्या अपघातांच्या बातम्या ज्या घरात वाचल्या जातात, त्या घराला हे निराळे सांगावे लागत नाही. दुसरीकडे कोंढणपूरचा चढ, डोंगराची वाट आणि तीन तासांवर आलेला सूर्यास्त.

"मामा, जाऊ पुढे. पाणी आहे अजून," भाचा म्हणाला.

"आहे ना. पण सहानंतर ते बाटलीतच राहणार," मामांनी हिशेब मांडला. "पाच चाळीसच्या आत खडकवासला गाठता येत असेल तर जाऊ. कोंढणपूरला चार वाजून गेले, तर तेथूनच परत फिरायचे."

व्यापाऱ्याने आकडा ठरवला, की तो पाळतो. तुकाईच्या देवळापाशी ते पावणेचारला पोहोचले. पुढची वाट डोंगराच्या कुशीतून जाते. दुपारच्या उन्हात वाळलेल्या कारवीचा वास येत होता, झाडांच्या फांद्यांमधून कोळ्यांची जाळी टांगलेली होती, वाटेच्या कडेला मुंग्यांची वारुळे. सामायिकापूर्वी इरियावहिय म्हणताना येण्याजाण्यात दुखावलेल्या ज्या जीवांची आठवण केली जाते, त्यांत दवबिंदू, मुंग्यांची घरे, शेवाळ, चिखल आणि कोळ्याची जाळी ही सगळी नावे येतात. स्थानकात बसून ती म्हणताना शब्द जिभेवरून घसरून जातात. या वाटेवर ती एकामागून एक समोर येतात. साधूने चालताना पुढची साडेतीन-चार हात भूमी न्याहाळून पाऊल टाकावे, अशी ईर्यासमिती सांगते. ताशी 20 किलोमीटर वेगाने जाणाऱ्याची नजर मात्र दहा-बारा मीटर पुढे असावी लागते, आणि चार हातांवरचे काही त्याला दिसतच नाही. दिसावे म्हणून वारुळांच्या टप्प्यात मामा उतरून चालू लागले. उशीर होत असताना. भाच्याने घड्याळाकडे पाहिले, पण तोही उतरला.

चढाच्या शेवटी मामांच्या पोटऱ्यांत पेटके आले. पाच मिनिटे ते दगडावर बसले, थोडे मीठ-साखरेचे पाणी घेतले. घाटरस्ता लागला तेव्हा पाच वाजले होते. सिंहगडाहून उतरणाऱ्या गाड्यांची रांग, कांदाभजीच्या टपऱ्यांवरची गर्दी, आणि त्यातून खाली सुटलेल्या दोन धुळकट सायकली. ब्रेक धरून धरून बोटे बधिर झाली. खडकवासल्याच्या धरणाजवळ पोहोचायला पाच सदतीस झाले. पाण्यावर उन्हाचा तिरपा पट्टा पसरला होता. मामांनी उरलेले दोन खाखरे खाल्ले, बाटलीतले पाणी सावकाश संपवले, हात जोडले आणि पच्चक्खाण घेतले. घर अजून सतरा किलोमीटर होते, तेही सिंहगड रस्त्याच्या रविवार संध्याकाळच्या कोंडीतून, दिवे लावून.

भाच्याच्या बाटलीत अर्धे पाणी शिल्लक होते. त्याने झाकण घट्ट लावले आणि बाटली पिशवीच्या तळाशी ठेवली. मामांनी त्याला तसे सांगितले नव्हते. राजाराम पुलापाशी सिग्नलला थांबल्यावर त्यांनी विचारले, "तहान लागली असेल ना रे?" तो म्हणाला, "लागली आहे. चालेल."

घरी पोहोचायला सात वाजून गेले. बा जागीच बसल्या होत्या, मुलाचा चेहरा पाहून त्यांनी फक्त एवढेच विचारले, "पाणी वेळेत झालं ना?"

माघ सरेपर्यंत ही फेरी आणखी दोनदा झाली, दोन्ही वेळा जाड टायर आणि जास्तीची ट्यूब घेऊन. होळीनंतर मात्र ती बंद होते. उन्हाळ्याच्या आरंभी माळटिटवी उघड्या मुरमावरच अंडी घालते. घरटे असे नसतेच, खडकाळ जमिनीत किंचित खळगा आणि खड्यांसारखीच दिसणारी ठिपकेदार अंडी. ती सायकलवरून दिसत नाहीत. सायकल खुंटीवर जाते, आणि चैत्रात भिवरीच्या माळावर दोघे पायीच जातात.