आजोबाचा रूट: टाकळी ढोकेश्वर ते मुंबई

पुण्याहून नाशिक हायवेने आळेफाट्याला आलात की वीकएण्डवाल्या सगळ्या गाड्या डावीकडे वळतात – माळशेज! यावेळी आम्ही उजवीकडे वळलो, नगरच्या दिशेने. धबधबा नाही, धुकं नाही. ऊस, कांदा आणि विहिरी. पारनेर तालुक्यातलं टाकळी ढोकेश्वर.

इथलं डोंगरातलं लेणं छानच आहे. आतल्या सप्तमातृका बघाच. पण मला बघायची होती ती ‘आजोबा’ची जागा. २००९ मध्ये याच गावात एक बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याने त्याला बाहेर काढलं. वयस्कर, शांत, म्हणून नाव पडलं आजोबा. संशोधक विद्या अत्रेय यांच्या टीमने त्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर घातली आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. कॉलर उपग्रहावरून जागा टिपते आणि मोबाइल नेटवर्क मिळालं की एसएमएस धाडते. म्हणजे आपलंच ‘पोचलो की मेसेज कर’!

आजोबाचे मेसेज वाचून सगळेच उडाले. रेल्वेलाइन, मुंबई-आग्रा हायवे, वसईची खाडी असं सगळं ओलांडत, महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालून साहेब थेट मुंबईच्या नॅशनल पार्कात! वाटेत कुणाला ओरखडाही नाही. २०१४ मध्ये यावर उर्मिला मातोंडकरचा ‘आजोबा’ सिनेमाही आला.

गोष्ट भारी आहे, पण मुद्दा वेगळाच आहे. पकडला आणि लांब नेऊन सोडला की प्रश्न मिटला, असं आपल्याला वाटतं. बिबट्या तिथे थांबतच नाही. आजूबाजूच्या जुन्नर भागात २००१ पासून बरेच बिबटे असे हलवल्यावर माणसांवरचे हल्ले उलट वाढले होते.

याच जिल्ह्यातल्या अकोले परिसरात अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावले, तेव्हा १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ प्रौढ बिबटे निघाले. अभयारण्यात नव्हे, उसात! खाणं मुख्यतः कुत्री. रात्री घरांच्या अगदी २५ मीटरपर्यंत येणं, दिवसा गायब. शेजारीच म्हणा ना.

चहाच्या टपरीवर काकांना विचारलं, भीती नाही वाटत? ‘वाटती की! पण रातीची लाइट असली की पाणी द्यायला जावंच लागतं.’ हल्ले झालेत, होतात. इथे तो सिनेमा नाही, रोजची रात्रपाळी आहे. म्हणून दिवसा वीज, कठडा असलेली विहीर, बंदिस्त गोठा या मागण्या शहरातल्या आपल्यालाही कळायला हव्यात.

आणि आजोबा? डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद हायवेवर गाडीच्या धडकेत गेला. अंगातल्या मायक्रोचिपमुळे ओळख पटली.

जायचंय? नगरहून साधारण ४० किलोमीटर, कल्याण रस्त्यावर. लेणं सकाळी बघा, अंधाराआधी निघा आणि घाटात स्पीड कमी ठेवा. रस्ता ओलांडणारा कुणीही असू शकतो!