निर्माल्याची पिशवी

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधीची गोष्ट. चौथीतल्या नातवाच्या वर्गाची सहल मुंबईत धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जाणार होती. दहा मुलांमागे घरचं एक मोठं माणूस हवं होतं. मुलगा-सून दोघंही नोकरीला. सून म्हणाली, "आई, तुम्हीच जा. झाडंपानं तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतात." मीही जरा ऐटीतच निघाले.

खरं तर त्या जागेचं नाव निघालं, की माझा हात आपोआप नाकाकडे जातो. माझं बालपण शीवला गेलं. सत्तरच्या दशकात शहराचा कचरा तिथे आणून टाकत. वारा फिरला, की आई खिडक्या लावून घ्यायची. पुढे कचरा टाकणं थांबलं, माती पसरून झाडं लावली गेली आणि १९९४ साली ३७ एकरांचं हे उद्यान सर्वांसाठी खुलं झालं. इतक्या जवळ राहूनही मी आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

आत दाट सावली होती. माहिती देणाऱ्या ताईंनी मुलांना गोल उभं केलं आणि म्हणाल्या, "आता जोरात पाय आपटा. पायाखाली काय आहे?"

"माती!"

"आणि मातीखाली?"

कोणी म्हणालं दगड, कोणी म्हणालं गांडूळ. एकाने तर डायनासोरही सांगितला.

"कचरा," ताई म्हणाल्या. मुलं एकदम गप्प झाली. नातवाने माझ्याकडे पाहिलं. "आजी, तू इथेच राहायचीस ना? मग यात तुमच्या घरचाही असेल?"

"हो रे, आमच्याही घरचा," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

मग डोळे मिटून झाडांच्या साली चाचपणं झालं, गळलेली पानं वेचणं झालं. शेवटी ताईंनी मुलांना मिठी नदी दाखवली. काठच्या चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली तिवराची मुळं श्वास घेतात, हे ऐकून मुलं हरखली. पण मुळांवर, फांद्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या लोंबत होत्या. मला २६ जुलै २००५ आठवला. त्या दिवसाच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, मिठी रस्त्यांवर आली होती आणि माझा मुलगा छातीभर पाण्यातून दुसऱ्या दिवशी घरी पोहोचला होता. तुंबलेल्या नाल्यांना तेव्हा आम्ही सगळ्यांनीच नावं ठेवली होती.

दसरा झाला. नऊ दिवसांच्या माळांचं निर्माल्य पिशवीत भरून मी नातवाबरोबर वांद्र्याला नणंदेकडे निघाले. मिठीच्या पुलावर टॅक्सी थांबवली. माझ्या सासूबाईही असंच करत. हात उचलला, तोच नातवाने तो धरला.

"आजी, ही पिशवी त्या मुळांवर अडकेल. मग ती श्वास कशी घेतील?"

"देवाच्या कामात मध्ये बोलू नये," मी खेकसलेच.

त्याचे डोळे भरून आले. "मग ताई खोटं शिकवतात का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मुकाट्याने टॅक्सीत बसले. निर्माल्य मांडीवर घेऊन वांद्र्याला गेले आणि तसंच घेऊन परत आले. नणंद हसली, ते वेगळंच!

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच शाळांतून पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवण्याबाबत निर्देश दिले. नातवाला परिसर अभ्यासात चांगले गुण मिळतात. 'प्लास्टिक वापरू नये' हे तो सुवाच्य अक्षरात लिहितो. पण खरी परीक्षा त्या पुलावर होती आणि ती त्याची नव्हे, माझी होती. निसर्गकेंद्रात मूल एका सकाळी जे शिकतं, ते टिकवायचं की पुसायचं, हे घरातली मोठी माणसंच ठरवतात. त्या दिवशी मी पिशवी फेकली असती, तर तो एवढंच शिकला असता, की असल्या गोष्टी फक्त सहलीपुरत्या असतात.

ते निर्माल्य मी गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत घातलं. पहिले पंधरा दिवस चिलटांनी उच्छाद मांडला. सून वैतागली. ओलावा फार झाला होता. मग सुकी पानं आणि माती मिसळत गेले, तसा वास गेला. संक्रांतीपर्यंत काळी, भुसभुशीत माती तयार झाली. पहिल्या पावसात त्यातून न पेरलेली झेंडूची रोपं वर आली.

नातू काही संत झालेला नाही. वेफर्सचं रिकामं पाकीट अजूनही सोफ्याखाली सापडतं. तेव्हा मी फक्त गॅलरीकडे बोट दाखवते. तो हसतो आणि पाकीट उचलतो.

यंदा घटाची पहिली माळ मी त्याच झेंडूची केली. ओवायला नातूच बसला होता.