रिपीटर

लातूरच्या उद्योग भवन परिसरात "काय करतेस?" असं कुणी विचारत नाही. तिथल्या मेसमध्ये जेवणारी निम्मी पोरं मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, नीटची, तयारी करत असतात. २०२३च्या नीटमध्ये मला सरकारी एमबीबीएसपुरते गुण मिळाले नाहीत. बीएस्सीला नाव घालून ठेवावं, असं आई म्हणत होती. पप्पा म्हणाले, दोन दगडांवर पाय नको. मग कुठेच नाव न घालता मी रिपीटर बॅचला बसले.

लातुरात सुसह्य होतं, घरी येणं जड जायचं. दिवाळीला एसटीचं अर्धं तिकीट काढून अंबाजोगाईला आले, तर आत्याने पहिल्याच चहाला विचारलं, "मग, ॲडमिशन कुठं?" मी "करतेय तयारी" म्हटलं. "अजून?" एवढंच ती म्हणाली, तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आमच्या गावातच मेडिकल कॉलेज आहे. त्या सुट्टीत मी मंडईतसुद्धा लांबच्या रस्त्याने गेले.

अभ्यासाची भीती नव्हती, खरंच. रविवारची टेस्ट मुद्दाम नीटच्या तेव्हाच्या वेळेत, दुपारी २ ते ५:२० असायची. त्या तीन तास वीस मिनिटांत मी शांत असायचे. बरोबरला चार, चुकलं तर एक वजा, सगळं कसं स्पष्ट. छातीत धडधड सुरू व्हायची ती रात्री, दिवा घालवल्यावर. एवढं करूनही नाही झालं तर जूनमध्ये मी कोण असणार? रूममेटही जागीच असायची. आम्ही दोघी झोपल्याचं सोंग घ्यायचो.

५ मे २०२४चा पेपर बरा गेला. निकाल १४ जूनला लागणार होता, तो लागला ४ जूनलाच. टीव्हीवर लोकसभेची मतमोजणी चालू होती. ६१८ गुण. पप्पांनी आदल्या वर्षीचा कटऑफ काढून पेढे आणले. संध्याकाळपर्यंत कळलं की ६७ जणांना ७२०पैकी ७२० आहेत, आणि माझी रँक गेल्या वर्षीच्या हिशेबाच्या कितीतरी खाली आहे. उरलेले पेढे शेजारी वाटताना आईला काय बोलावं कळेना.

पुढे ग्रेस मार्क, १५६३ जणांची फेरपरीक्षा, पेपरफुटी, त्यात लातूरचंही नाव. परीक्षा रद्द होणार, नाही होणार, रोज नवी तारीख. खरा गॅप मला तेव्हाच वाटला. आधीच्या वर्षात निदान टाइमटेबल होतं. आता पुस्तकं रद्दीला द्यायची की पुन्हा उघडायची, हेही ठरत नव्हतं. मी बायोलॉजी उघडायचे आणि मोबाइलवर कोर्टाच्या बातम्या वाचायचे. २३ जुलैला सुप्रीम कोर्टाने परीक्षा रद्द करायला नकार दिला. मला आनंद झाला की राग आला, आजही सांगता येणार नाही. झोप मात्र लागली.

शेवटी सरकारी बीएएमएसला नंबर लागला. तिसऱ्यांदा बसायचं का, यावर घरात एकदाच चर्चा झाली. मी नाही म्हटलं.

प्रवेशासाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. या काळात कुठल्याही संस्थेत प्रवेश घेतला नाही, नोकरी केली नाही, असं लिहून द्यायचं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टला मी कारण सांगायला लागले, तर त्याने हातानेच थांबवलं. मजकूर त्याच्याकडे तयार होता.

"फक्त नाव सांगा, ताई. आणि आधार कार्ड."