अंधारांतला खेळ आणि आमच्या घरचीं मतें

खेळाविषयीं मत देण्यास तो खेळतां आलाच पाहिजे असें नाहीं, हा आमच्या घरांतला जुना रिवाज आहे. पटावरची सोंगटी कोणीहि हलवो, तिच्यासंबंधीं सल्ला देण्याचा अधिकार ओसरीवर बसलेल्या प्रत्येकास असतो. नवीन जालन्यांतील आमच्या घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें राहतात. मे महिन्यांत पुण्यामुंबईकडचीं मुलें आलीं म्हणजे ही संख्या सतरा-अठरावर जाते आणि मतांची संख्या तीहून अधिक होते. गेल्या उन्हाळ्यांत एका खेळावर पडलेलीं अशीं मतें आम्हीं करमणूक म्हणून वहींत टिपून ठेवलीं. त्यांतलें एक मत आम्हीं चुकीच्या सदरांत टिपलें होतें, हें दोन दिवसांनीं कळलें. त्या एका मताकरितां हा लेख.

खेळ पुतण्यानें आणला. तो पुण्यास अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. खेळाचें नांव 'डार्क एको'. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर अंधारांतला पडसाद. कॅनडांतील दोघां जणांनीं 'रॅक सेव्हन' या नांवाखालीं तो तयार केला आणि 2015 सालीं तो बाहेर पडला. मोठ्या कंपन्यांच्या खेळांवर शेंकडों माणसें खपतात. येथें दोघांनींच काळ्या पाटीवर रेघा ओढून काम भागविलें आहे. पडदा संपूर्ण काळा असतो. मध्यभागीं पांढऱ्या पावलांचा एक जोड दिसतो. पाऊल टाकलें कीं त्याचा आवाज रेघांच्या रूपानें चोहोंकडे पसरतो, भिंतीवर आपटून परततो आणि विरून जातो. रेघा जेथून परतल्या तेथें भिंत, जेथून निसटल्या तेथें वाट; एवढ्या ज्ञानावर बाहेर पडण्याचें दार शोधावयाचें. हळू पाऊल टाकलें तर जवळचेंच कळतें. मोठा आवाज केला तर दूरवरचें कळतें खरें, परंतु त्या अंधारांत दुसरेंहि कांहीं राहतें आणि तें आवाजाच्या रोखानें धावून येतें. त्याच्या रेघा तांबड्या असतात, पाण्याच्या निळ्या असतात. अशा 80 पाळ्या आहेत. धावून येणाऱ्या राक्षसाचें तोंड मात्र पाहावयास मिळत नाहीं.

कल्पना निसर्गांतूनच उचललेली आहे. वटवाघूळ डोळे झांकले तरी सफाईनें उडतें, पण कान बंद केले तर आपटतें, असें अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलींतील स्पालान्झानी या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दिसून आलें. तें स्वतः केलेल्या आवाजाच्या पडसादावर वाट काढतें, हें पुढें अमेरिकेंतील डोनाल्ड ग्रिफिन यांनीं सिद्ध केलें आणि 1944 सालीं या शक्तीस शास्त्रीय नांव दिलें. 

रात्रीं जेवणें आटोपल्यावर पुतण्यानें आपला मोबाइल दिवाणखान्यांतल्या टीव्हीला जोडला आणि दिवे मालविले. उकाड्यामुळें खिडक्या उघड्या होत्या. दूरवरून लोखंडाच्या कारखान्यांची घरघर ऐकूं येत होती. घरांतलीं सारीं माणसें काळ्या पडद्याकडे पाहत बसलीं. एकेकाची पाळी होऊं लागली आणि आम्हीं वही उघडली.

पुतण्याचें मत असें कीं, डोंगर, किल्ले, लढाया दाखविणारे खेळ त्यानें पुष्कळ खेळले, पण इतकी भीति कोठेंच वाटली नाहीं. चित्र जितकें कमी, तितकें मन अधिक रंगवितें. आमची सून बँकेंत आहे. ती म्हणाली, "पहिल्या दहा पाळ्या मजेच्या. मग तीच वाट, तीच भिंत, आणि आवाज केला कीं साहेब अंगावर! हें मी रोज करतें, आणि त्याचा पगारहि मिळतो." आमच्या वहिनी, ज्यांस सारें घर माई म्हणतें, त्यांचा अभिप्राय थोडक्यांत होता: "एवढा सोन्यासारखा टीव्ही, आणि त्यांत काळोख पाहायचा! काळोख काय बाहेर फुकट मिळत नाहीं?" माईंची अकरा वर्षांची नात सर्वांत चांगली खेळली, कारण थांबावें कोठें हें तिलाच कळत होतें. ती म्हणाली, "त्या राक्षसाला कांहीं दिसत नाहीं. त्यालाहि नुसतें ऐकूंच येतें. म्हणून तो बिचारा धावतो." स्वतः आम्हीं असा आक्षेप काढला कीं, खेळ म्हणे आवाजाचा, पण आवाज बंद केला तरी रेघा पाहून बरीच मजल मारतां येते, तेव्हां हा डोळे असणाऱ्यांनींच कानांची मौज पाहावी असा प्रकार आहे. हें मत आम्हांस फार मार्मिक वाटलें व वहींत तें आम्हीं अधोरेखित केलें.

शेवटची पाळी आमच्या थोरल्या बंधूंची. त्यांस सर्व अप्पा म्हणतात. त्यांचें वय सदुसष्ट. गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. ते तीन वेळां खेळले आणि तिन्ही वेळां सरळ तांबड्या रेघांत शिरले. मग मोबाइल खालीं ठेवून म्हणाले, "मधलीं पावलें स्वच्छ दिसतात. पण तुमच्या त्या रेघा पसरतात कोठें? मला कडेला कांहींच दिसत नाहीं."

एकच हंशा पिकला. "अप्पा, तेंच तर या खेळाचें मर्म!" असें पुतण्या म्हणाला. अप्पाहि हंसले. आम्हीं वहींत लिहिलें: 'अप्पा: विनोदी अभिप्राय.'

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मुलांनीं अंगणांत आंधळी कोशिंबीर मांडली. कॅनडाचा खेळ आणि आपला खेळ यांत अधिक कठीण कोणता, याचा निकाल लावावयाचा होता. मुलांच्या आग्रहास्तव अप्पांच्या डोळ्यांवर उपरणें बांधण्यांत आलें. आश्चर्य हें कीं, त्यांनीं थोड्याच वेळांत तिघांना पकडलें, एकीला बांगडीच्या आवाजावरून, एकाला दाबून धरलेल्या हंशावरून, आणि तिसऱ्याला, ते म्हणाले त्याप्रमाणें, "त्याच्या श्वासावरून, याचें नाक नेहमींच चोंदलेलें असतें." मुलांनीं टाळ्या वाजविल्या. अप्पांनीं उपरणें सोडलें, खुर्चीकडे वळले, आणि वाटेच्या डाव्या कडेला ठेवलेला पाण्याचा तांब्या त्यांच्या पायानें कलंडला.

डोळे बांधलेले असतां जो माणूस अडखळला नाहीं, तो डोळे उघडल्यावर अडखळला. 

त्या रात्रीं आम्हांस झोंप येईना. वही काढून तें वाक्य पुन्हां वाचलें: मधलें स्वच्छ दिसतें, कडेचें दिसत नाहीं. मग एकेक गोष्ट आठवूं लागली. दिवाळीनंतर अप्पांनीं स्कूटर विकली. गुडघे दुखतात असें कारण सांगितलें. जिन्यावरून उतरतांना ते भिंतीला हात लावूं लागले होते. वयाचा परिणाम असें आम्ही म्हणालों. जेवतांना ताटाच्या डाव्या बाजूची चटणी व कोशिंबीर तशीच राहूं लागली. त्यांस आतां तिखट सोसत नाहीं असें समजून माईंनीं चटणी वाढणेंच बंद केलें होतें. एका घरांत, एका पंगतींत बसणाऱ्या आम्हां सर्वांना उत्तरें आधींच सांपडलीं होतीं. म्हणून प्रश्न कोणीं विचारलाच नाहीं.

सकाळच्या चहाला अप्पा एकटे असतांना आम्हीं विषय काढला. "अप्पा, तुम्हांला खरोखरच कडेचें दिसत नाहीं ना?"

ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "दोन वर्षें झालीं असतील. आधीं वाटलें, चष्म्याचा नंबर बदलला असेल. मग भीति वाटूं लागली. पण तेव्हां घरांत कार्य निघालें होतें. म्हटलें, तें पार पडूं दे. मग पोराची परीक्षा आली. तुमचा तो खेळ आहे ना, त्यासारखेंच. जोरानें पाय आपटला असता तर पुढें काय आहे तें कळलें असतें. पण सारें घर अंगावर धावून आलें असतें. म्हणून हळूहळू चाललों."

त्याच आठवड्यांत आम्ही त्यांस येथील गणपति नेत्रालयांत घेऊन गेलों. डोळ्यांच्या उपचारांसाठीं दुरून लोक या गांवीं येतात, आणि आम्ही गांवांत राहून दोन वर्षें तेथें गेलों नव्हतों! तपासणींत एक यंत्र असें होतें कीं, एक डोळा झांकून मध्यावरील खुणेकडे पाहत राहावयाचें आणि आजूबाजूस कोठें मंद ठिपका चमकला कीं हातांतली कळ दाबावयाची. अप्पा बाहेर येऊन म्हणाले, "हाहि अंधारांतलाच खेळ रे. ठिपके किती आले तें मला माहीत नाहीं. मी कळ फारशी दाबली नाहीं, एवढें खरें."

निदान कांचबिंदूचें झालें. या रोगांत बहुधा डोळ्याच्या आंतील दाब वाढतो आणि मेंदूकडे दृष्टि वाहून नेणारी शीर हळूहळू निकामी होते. प्रथम कडेची नजर जाते. मधली पुष्कळ दिवस शाबूत राहते, त्यामुळें वाचतां येतें, माणसें ओळखतां येतात, आणि रोग्यास स्वतःसहि शंका येत नाहीं. त्याच्या नेहमींच्या प्रकारांत दुखत नाहीं, डोळे लाल होत नाहींत. गेलेली नजर परत येत नाहीं. परंतु औषधाचे थेंब नियमानें घातले, जरूर पडल्यास शस्त्रक्रिया केली, तर राहिलेली बहुतेक वेळां जपतां येते. मोतीबिंदु काढला कीं दिसूं लागतें, तसें येथें नाहीं, हा भेद पुष्कळ सुशिक्षित घरांतहि ठाऊक नसतो. आमच्या घरांत नव्हता. रोग रक्ताच्या नात्यांत उतरण्याचा संभव असतो, म्हणून आम्हां भावंडांनीं व अप्पांच्या मुलांनींहि डोळे तपासून घेतले. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकानें ही तपासणी करून घ्यावी, मग चष्मा लागो वा न लागो.

दोन वर्षें आधीं गेलों असतों तर अप्पांची बरीच नजर वांचली असती, हें डॉक्टरांनीं सौम्यपणें सांगितलें. आम्हीं तें तितक्या सौम्यपणें ऐकलें नाहीं.

त्यानंतर घरांत नवाच त्रास सुरू झाला. अप्पा उठले कीं पांच तोंडांतून "जपून! सांभाळा! अहो, हळू!" असा गजर होई. ते दारांत गोंधळून उभे राहत. माई तर त्यांचा हातच सोडीनात. यावर उपाय सांपडला तो पुन्हां एका खेळांत.

सुटी संपण्यापूर्वीं पुतण्यानें 'अ ब्लाइंड लेजंड' नांवाचा दुसरा खेळ आणला. फ्रान्सांतील 'डोविनो' या मंडळीनें तोहि 2015 सालींच काढला. त्यांत चित्रच नाहीं. कानांवर हेडफोन चढवावयाचे आणि बोटानें पडद्यावर दिशा द्यावयाची; बाकी सारें ऐकून ओळखावयाचें. नायक एक अंध सरदार आहे, आणि त्याची लहान मुलगी लुईज बोलून बोलून त्यास वाट दाखविते. अप्पांनीं तो आठवडाभर मन लावून खेळला. नात शेजारीं बसून आणखी एक हेडफोन जोडून ऐके, आणि लुईजपेक्षां आपणच अधिक बोले.

अप्पांचें दोन्ही खेळांवरील मत आम्हीं या वेळीं नीट लिहून घेतलें. ते म्हणाले, "पहिला खेळ डोळसांसाठीं आहे. त्यांत आवाजाला डोळ्यांच्या भाषेंत बोलावें लागतें. दुसरा कानांसाठींच केला आहे. तेथें मी कोणापेक्षां कमी नाहीं. इंग्रजी बोलणें मात्र मधूनमधून निसटतें. आपल्या भाषेंत असता तर माईहि खेळल्या असत्या. आणि एक गोष्ट तुम्हीं सर्वांनीं त्या मुलीपासून शिकावी. ती आपल्या बापाला भिववीत नाहीं. कोणीकडे वळायचें, तें सांगते."

अंधांच्या क्रिकेटांतहि असेंच आहे, असें पुतण्यानें सांगितलें. तेथें चेंडूंत छर्रे घातलेले असतात, म्हणून तो खुळखुळतो. गोलंदाज टाकण्यापूर्वीं फलंदाजास तयार आहेस का म्हणून विचारतो, उत्तर आल्यावरच "प्ले" म्हणून चेंडू सोडतो. 1998 सालीं दिल्लींत या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. दया दाखवून तो खेळ चालत नाहीं. वेळेवर नेमका शब्द मिळाला म्हणजे चालतो.

तेव्हांपासून आमच्या घरांत "जपून" हा शब्द बंद आहे. "डावीकडे पायरी", "समोर खुर्ची", "चटणी डावीकडे वाढली आहे" असें बोलण्याची संवय आम्ही लावून घेत आहों. माईंना ती अद्याप लागली नाहीं, पण त्यांनीं हात सोडला आहे. चटणी पुन्हां वाढली जाते आणि ताटांत उरत नाहीं. रोज रात्रीं नऊ वाजतां अप्पांच्या डोळ्यांत थेंब घालण्याचें काम नातीकडे आहे. तें तिनें मागून घेतलें.

वहींतली ती ओळ आम्हीं खोडली नाहीं. 'विनोदी' या शब्दावर काट मारून त्यापुढें तारीख घातली आहे. वाचकांच्या घरींहि एखादें वडील माणूस कधीं म्हणत असेल कीं, अलीकडे मला अमुक दिसत नाहीं, तमुक ऐकूं येत नाहीं. तें आपण हंसण्यावारीं नेलें असेल, तर एकदां त्यांच्याजवळ बसून नीट विचारावें.