दिसतं तसं

क्लोरिस लीचमनला ऑस्कर मिळालं, बेन जॉन्सनला मिळालं. 'द हार्टब्रेक किड'साठी जीनी बर्लिन आणि एडी अल्बर्ट यांना नामांकनं मिळाली. 'टॅक्सी ड्रायव्हर'साठी रॉबर्ट डी नीरोला आणि चौदा वर्षांच्या जोडी फॉस्टरला. मग टीव्हीवर ब्रूस विलिसला १९८७ साली एमी, क्रिस्टीन बरान्स्कीला १९९५ साली एमी. ही नावं मी एका पाठकोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहून ठेवली आहेत आणि तो कागद काही केल्या फाडून टाकवत नाही. या सगळ्या चित्रपटांत आणि मालिकांत एक चेहरा आहे, आणि तो या यादीत नाही.

सिबिल शेफर्ड. ऑस्करचं नामांकन तिला कधी मिळालं नाही. एमीची नामांकनं मिळाली, एमी मिळालं नाही. गोल्डन ग्लोब मात्र तीन मिळाले, तिन्ही टीव्हीवरच्या कामासाठी. ते सांगितलं नाही तर हिशेब खोटा होईल.

ती टेनेसी राज्यातल्या मेंफिसची, जन्म १९५० चा. शाळकरी वयात 'मिस टीनेज मेंफिस', १९६८ मध्ये 'मॉडेल ऑफ द इयर', आणि मग न्यूयॉर्क आणि मासिकांची मुखपृष्ठं. त्यातलं 'ग्लॅमर'चं एक मुखपृष्ठ पीटर बोग्दानोविच या तरुण दिग्दर्शकाच्या नजरेस पडलं, ते सुपरमार्केटात पैसे द्यायच्या रांगेत उभा असताना. तो तेव्हा 'द लास्ट पिक्चर शो'ची जुळवाजुळव करत होता. टेक्सासमधलं धुळकट, ओस पडत चाललेलं गाव आणि त्या गावातली सगळ्यांत देखणी पोरगी, जेसी. ती जेसी त्याला मुखपृष्ठावर सापडली. ऑर्सन वेल्सच्या सल्ल्यावरून चित्रपट कृष्णधवल केला, १९७१ मध्ये तो आला आणि त्याला ऑस्करची आठ नामांकनं मिळाली.

त्यात पोहण्याच्या तलावावरचं एक दृश्य आहे. पैसेवाल्या घरांतल्या पोरापोरींची पार्टी, आणि नव्यानं येणाऱ्यानं उडी मारायच्या फळीवर उभं राहून सगळ्यांदेखत कपडे उतरवायचे, अशी तिथली रीत. जेसी फळीवर जाते. चेहऱ्यावर आव धीटपणाचा, आत धाकधूक, आणि दोन्ही आपल्याला एकाच वेळी दिसतं. याला अभिनय म्हणायचं, की विशीतल्या एका मुलीची खरीखुरी धाकधूक कॅमेऱ्यानं टिपली असं म्हणायचं? त्याच चित्रपटातल्या क्लोरिस लीचमनच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारत नाही. ती कॉफीचं भांडं भिंतीवर फेकते तेव्हा आपण म्हणतो, काय काम केलंय बाईनं!

माझी आत्या याचं उत्तर चुटकीसरशी देऊन मोकळी झाली असती. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. ही म्हण तिच्या तोंडात दिवसातून कितीदा तरी यायची. बाहेरून हिरवंगार दिसणारं कलिंगड आत पांढरं निघालं की यायची, बघायला आलेल्या स्थळाची गाडी भाड्याची होती हे कळलं की यायची, निवडणूक झाली की तर यायचीच. त्या म्हणीवर माझा तेव्हा पूर्ण विश्वास होता. आता तिच्याशी माझं पटत नाही. म्हणीला काळजी फसणाऱ्या जगाची. जग भोळं, ते फसतं, त्याला सावध करा. पण ज्याच्याकडे पाहून जग फसतं त्याचं काय, याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. कलिंगडानं काही कुणाला फसवलेलं नसतं. ते शेतात होतं तसंच मंडईत आलेलं असतं.

आणि देखण्या बाईच्या बाबतीत तर जग फसायला तयारच नसतं. ते आधीच सावध होऊन बसलेलं असतं. एवढी देखणी आहे म्हणजे डोकं यथातथाच असणार, काम येत नसणार, स्वभावाला तिखट असणार. जगाला फसण्याची इतकी धास्ती बसली आहे की समोर खरंच काही असलं तरी ते हात पुढे करत नाही. मग फसलं कोण? म्हण इथे मला मदत करत नाही, तरी तिला सोडून पुढेही जाता येत नाही.

सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फोटो स्टुडिओ होता. त्याला रस्त्याच्या बाजूनं काचेची शोकेस. शोकेसमध्ये पालथं पडलेलं गुटगुटीत बाळ, सुटातला नवरदेव, पदवीचा झगा घातलेला कुणी एक डॉक्टर, आणि मधोमध आमच्याच गल्लीतली एक ताई. वेणी पुढे घेतलेली, हनुवटीखाली मूठ, ओठांवर आणि गालांवर हातानं भरलेला रंग. तो फोटो तिनं लग्नासाठी काढला होता. फोटोग्राफरला आवडला म्हणून त्यानं एक प्रत मोठी करून लावली. तिच्या वडिलांना विचारलं होतं, तिला विचारलं होतं की नाही ते मला ठाऊक नाही. सायकलवरून जाणारी पोरं तिथे आली की पाय टेकवायची. ताई पुढे शाळेत गणित शिकवायला लागली तरी मुलं तिला पाठीमागे 'शोकेस' म्हणत. तिचं गणित चांगलं होतं. मी स्वतः तिच्याकडून अपूर्णांक शिकले आहे.

गाव सांगली, म्हणजे विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे 'सीता स्वयंवर' उभं केलं ते. घरटी एक तरी माणूस नाटकवेडा. ताईला राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवलेल्या एका नाटकात घेतलं. काम लहान होतं. दुसऱ्या अंकात नायकाला एक लांबलचक स्वगतासारखा संवाद होता, आणि ताईनं तेवढा वेळ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तो ऐकायचा होता. मी पहिल्या रांगेत जमिनीवर बसले होते. नायक बोलत होता आणि मी ताईकडे पाहत होते. तो एका जागी थांबला तेव्हा तिची बोटं खुर्चीच्या पाठीवर किंचित आवळली गेली, आणि तो थांबला आहे म्हणजे आता काहीतरी वाईट येणार हे मला त्या बोटांवरून कळलं. नायकाला अभिनयाचं रौप्यपदक मिळालं. ताईबद्दल सगळे म्हणाले, दिसली छान.

त्यानंतर तो नट प्रत्येक नाटकाच्या वेळी हटून बसायचा: ती असेल तर मी करतो. गावानं त्याचा सोयीचा अर्थ काढला. मला वाटायचं, समोर नीट ऐकणारं माणूस असलं की बोलणाऱ्याचं बोलणं कसं बदलतं, हे त्याला कळलेलं असणार. पण हेही खरं की ती असली की तिकिटं खपत. तो नट आता नाही. ताईला मी हे कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिनं विषय बदलला असता, तिचा स्वभावच तसा.

'मूनलायटिंग' पाहताना मी ताईची बोटं शोधत असते, हे मला मान्य केलं पाहिजे. ही मालिका अमेरिकेत ३ मार्च १९८५ ला सुरू झाली आणि १४ मे १९८९ ला संपली. गाण्यांच्या हक्कांच्या गुंत्यामुळे ती वर्षानुवर्षं सहज पाहायला मिळत नव्हती. २०२३ च्या ऑक्टोबरात तिथल्या एका स्ट्रीमिंग सेवेवर आली. गोष्ट अशी: मॅडी हेज ही एकेकाळची नावाजलेली मॉडेल. 'ब्लू मून' शांपूच्या जाहिरातीतली मुलगी म्हणून लोक तिला ओळखतात. एका सकाळी तिला कळतं की हिशेब पाहणारा माणूस तिचे सगळे पैसे घेऊन पसार झाला आहे. उरली आहे ती कर वाचवायला घेऊन ठेवलेली एक तोट्यातली गुप्तहेर कचेरी आणि तिथला अखंड बडबड करणारा डेव्हिड अॅडिसन. हा डेव्हिड म्हणजे ब्रूस विलिस, तेव्हा कुणालाच माहीत नसलेला.

दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, दारं आपटतात, पुन्हा उघडतात. संहिता वाचल्याबरोबर शेफर्डनं ओळखलं होतं की ही हॉवर्ड हॉक्सच्या जुन्या विनोदी चित्रपटांची चाल आहे, आणि ते चित्रपट सगळ्यांनी मिळून पाहावेत हेही तिनंच सुचवलं. म्हणजे डोकं यथातथा नव्हतं. आता पडद्याकडे नीट पाहावं. विलिसवर कॅमेरा असतो तेव्हा चित्र लखलखीत, गालावरची खुंटंसुद्धा मोजता यावीत असं. कॅमेरा तिच्यावर गेला की भिंगापुढे मऊपणा आणणारी काच येते आणि सगळं धूसर होतं. एकाच खोलीत, एकाच भांडणात, दोन वेगळ्या हवा. तिच्या चेहऱ्यावरची बारीक हालचाल त्या धुरकटात विरघळून जाते. मला बोटं दिसतच नाहीत. ती सुंदर दिसावी म्हणून केलेली ही सोय, आणि त्या सोयीनं तिचं काम झाकलं, असं मला पहिल्यांदा वाटलं. नंतर एक भाग पाहिला. विलिस काहीतरी लांबण लावतो आहे आणि ती काही न बोलता फक्त थांबली आहे. कॅमेरा त्याच्यावर आहे, ती पाठमोरी. तरी तिच्या थांबण्यानंच तो विनोद साधतो.

हे लिहिताना मला मधू सप्रे आठवते. नागपूरची मुलगी, खेळाडू, मग मॉडेल. १९९२ साली बँकॉकला विश्वसुंदरी स्पर्धेत पहिल्या तिघींत पोचली. देशाची प्रमुख झालीस तर काय करशील, असं विचारलं, तेव्हा तिनं खेळाचं चांगलं स्टेडियम बांधीन असं सांगितलं. मुकुट हुकला तो त्या उत्तरामुळे, असं आजही सांगितलं जातं. गरिबी हटवीन असं तिनं म्हणायला हवं होतं म्हणे. मैदानावर वाढलेल्या मुलीनं मैदान मागितलं, इतकं सरळ उत्तर त्या मंचावर दुसरं कुठलं असेल? जशी होती तशी ती दिसली. माझ्या आत्याच्या म्हणीला तिथेही जागा नव्हती.

पण पुन्हा त्या कागदाकडे. यादीतली नावं मी आता गोष्टींच्या अंगानं वाचते. लीचमनची रूथ ही एकाकी, मध्यमवयीन बाई. तरुण सॉनी तिला सोडतो तो जेसीसाठी. 'हार्टब्रेक किड'मधल्या बर्लिनच्या लायलाचा नवरा मधुचंद्रातच तिला सोडतो, तो शेफर्डच्या केलीसाठी. 'टॅक्सी ड्रायव्हर'मध्ये शेफर्डची बेट्सी डी नीरोला नाकारते. प्रत्येक वेळी ती ते रूप आहे ज्याच्यापायी कुणीतरी पोळतं, आणि आपली सगळी माया पोळलेल्याकडे जाते, पारितोषिकही तिकडेच. जोडी फॉस्टरच्या गोष्टीशी बेट्सीचा काहीच संबंध नाही, ते नाव यादीत कशाला ठेवायचं? लीचमन, बर्लिन, डी नीरो यांना मात्र हा धागा लागू पडतो. आणि मग 'मूनलायटिंग'मध्ये पहिल्याच भागात पैसा गेला, नाव गेलं, आता तीच पोळलेली. लोकांनी तिला जवळ केलं, दोन गोल्डन ग्लोब दिले. १९९५ साली 'सिबिल' ही तिची स्वतःची मालिका आली. त्यात ती चाळिशी ओलांडलेली, कामं न मिळणारी नटी, दोन मोडलेल्या लग्नांची. तिसरा गोल्डन ग्लोब त्यासाठी. देखण्या बाईला आपण पडल्यावरच कुशीत घेतो, असं यावरून म्हणावंसं वाटतं, आणि असं असेल तर ते मला फार वाईट वाटतं.

पण तसंही म्हणता येत नाही, कारण मध्ये १९७४ चा 'डेझी मिलर' आहे. हेन्री जेम्सच्या कथेवरचा, बोग्दानोविचनंच केलेला. त्यातली डेझी बोलघेवडी, अल्लड. लोक तिला नावं ठेवतात, वाळीत टाकतात, आणि शेवटी ती रोममध्ये तापानं मरते. याहून अधिक पडायचं ते कसं? तरी समीक्षकांनी तिला झोडपलं. पुढच्या वर्षीच्या 'अॅट लाँग लास्ट लव्ह'नंतर तर इतकं, की दशक संपायच्या आत ती मेंफिसला परतली, लग्न केलं, मुलगी झाली. डेझीला कुणी जवळ का केलं नाही? पडद्याबाहेरची गोष्ट तेव्हा सगळ्यांना ठाऊक होती म्हणून असेल. 'लास्ट पिक्चर शो'च्या वेळी बोग्दानोविचचा संसार मोडला तो तिच्यापायी, आणि त्याची बायको पॉली प्लॅट ही त्याच चित्रपटाची नेपथ्यकार होती. ती पोळलेली बाई खरी होती. डेझीकडे पाहताना लोक तिच्याऐवजी पॉलीची बाजू घेत असतील, तर त्यांना मी काय म्हणू? मलाही पॉलीबद्दलच वाटतं.

की डेझीचं काम खरंच कच्चं होतं? चोविशीतली मॉडेल, जुन्या वळणाचे लांब संवाद, आणि ते ती धाडधाड म्हणत सुटते. मी तो चित्रपट पाहिला तेव्हा मला ती घाई आवडली होती. घाबरलेली माणसं तशीच बोलतात असं वाटलं होतं. अकरा वर्षांनी मॅडी हेजही तितक्याच घाईनं बोलते आणि लोक वाहवा करतात. ती तेवढ्या काळात शिकली, की समोर विलिस होता म्हणून तीच घाई शोभली, आणि विलिसला एमी मिळालं ते समोर ती होती म्हणून की तो विलिस होता म्हणून? बरान्स्कीला तर 'सिबिल'च्या पहिल्याच वर्षी एमी मिळालं. मालिका शेफर्डची, नाव शेफर्डचं, आणि शेजारी उभं करायला इतकी ताकदीची नटी. यात मन मोठं होतं, की तिलाही आपल्या समोर बोलणारं माणूस लागत होतं, की आणखी काही, हे मला ठरवता येत नाही. सांगलीतला तो नट ताईसाठी का हटून बसायचा, तेही मी इतकी वर्षं जे समजत आले तेच होतं का, याची मला आता पहिल्यासारखी खात्री वाटत नाही.